दुकानातला जुना कॉम्प्युटर आणि सईचं पायथन

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणारे व्हिडिओ आता मराठीतही ढिगाने मिळतात. बहुतेकांत पहिल्याच मिनिटाला सांगतात, “आधी पायथन इन्स्टॉल करून घ्या,” आणि लगेच पुढचा विषय सुरू होतो. माझी भाची सई नेमकी त्या एका वाक्यावर अडून बसली होती. नववीत आहे, गणितात रमते, फोनवरच्या एका ॲपमध्ये तिने थोडंफार प्रोग्रॅमिंग करूनही पाहिलं होतं. पण घरच्या कॉम्प्युटरवर हेच करायचं तर सुरुवात कुठून करायची, हे सांगणारं तिच्या आसपास कोणी नव्हतं.

माझं ठाम मत आहे की नवशिक्यांपैकी कितीतरी जण लूप आणि फंक्शनपर्यंत पोचतच नाहीत. त्याआधीच, या उभारणीच्या टप्प्यावर गळतात, आणि “हे आपल्याला जमणारं नाही” असा समज करून घेतात. म्हणून दिवाळीत तासगावला ताईकडे गेले तेव्हा ठरवूनच गेले होते: कॉम्प्युटर तयार करायचा, पण सईच्या हातांनी. मी शेजारी बसायचं.

कॉम्प्युटर होता दाजींच्या खत-बियाण्याच्या दुकानातला. दुकानात नवा आला आणि हा घरी येऊन कोपऱ्यात बसला. कोअर आय थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क आणि विंडोज ७. सुरू केला की तारीख दिसायची १ जानेवारी २०१०. ब्राउझर उघडून कुठलीही साइट पाहायला जावं, तर ती सुरक्षित नसल्याचा इशारा. सईला वाटलं, व्हायरस आहे. खरं कारण फार साधं होतं. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं, आणि २०१० सालात असलेल्या मशीनच्या हिशेबाने ती प्रमाणपत्रं अजून सुरूच झालेली नव्हती. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. बाजारात घड्याळवाल्याकडे सीआर २०३२ नंबरचा सेल मिळाला. कॅबिनेट उघडून, आतली धूळ ब्रशने झाडून, तो सईनेच बसवला. कॉम्प्युटर बंद असताना वेळ कोण सांभाळतं, हे तिला तिथेच कळलं. पुस्तकातल्या आकृतीवरून ते इतकं पक्कं झालं नसतं.

मग आम्ही पायथनच्या संकेतस्थळावरून ताजी आवृत्ती उतरवली. इन्स्टॉलरने साफ नकार दिला: ही विंडोज फार जुनी आहे. विंडोज ७ वर चालणारी पायथनची शेवटची मालिका ३.८. ती टाकता आली असती आणि शिकायला तेवढी पुरलीही असती. पण विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच थांबवली आहे, आणि मुलगी यावर इंटरनेट वापरणार. विंडोज ११ या मशीनवर बसत नाही. त्यामुळे मी विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सकडे वळले. लिनक्सच्या मिंट या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅममध्ये व्यवस्थित चालते, फुकट आहे, आणि तिच्यात पायथन आधीपासूनच असतं.

ज्यांच्या घरी विंडोज ११ आहे त्यांना एवढ्या खटाटोपाची गरज नाही. इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत अगदी खाली एक चौकट असते, पायथन ‘पाथ’मध्ये घालायची. ती रिकामी असते आणि बहुतेक जण ती न पाहता पुढे जातात. पाथ म्हणजे आपण एखादी आज्ञा टाइप केली की तो प्रोग्रॅम कुठल्या कुठल्या फोल्डरमध्ये शोधायचा याची यादी. चौकटीत खूण केली नाही तर पायथन कॉम्प्युटरमध्ये असतं, पण नुसत्या नावाने हाक मारली तर सापडत नाही. वर विंडोज अशा वेळी मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडून देते, त्यामुळे नवा माणूस पुरता गोंधळतो. एवढी एक खूण केली की निम्मी डोकेदुखी संपते.

काही पुसण्याआधी दाजींना विचारलं. ऑक्टोबर छाटणीचा हंगाम, द्राक्षबागायतदारांची दुकानात रीघ, ते रात्री उशिरा घरी आले. म्हणाले, “टॅलीचा जुना डेटा तेवढा जपा, बाकी काय करायचं ते करा.” जपायचाच तर हार्ड डिस्कच पुसायला नको, असं मी ठरवलं. सांगलीहून २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, आणली, जुन्या हार्ड डिस्कच्या केबली काढून तिला जोडल्या, आणि जुनी डिस्क कागदात गुंडाळून, वर तारीख घालून दाजींच्या कपाटात ठेवली. हिशोबाच्या डेटाला धक्का नाही, आणि मशीनचा वेगही इतका वाढला की ताई स्वयंपाकघरातून बघायला आली.

मिंटची फाइल पावणेतीन-तीन जीबीची. ती माझ्या लॅपटॉपवर उतरवून रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवली. नुसती कॉपी करून चालत नाही. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू होईल अशा पद्धतीने लिहावी लागते. मशीन सुरू होताना एफ १२ दाबून पेनड्राइव्ह निवडला. इथे मिंटची एक गोष्ट मला मनापासून आवडते: काहीही इन्स्टॉल न करता आधी पेनड्राइव्हवरूनच सगळं चालवून बघता येतं. आवाज येतो का, स्क्रीन नीट दिसते का, हे पाहिलं आणि मगच पुढे गेलो.

नेटचा प्रश्न होता. डेस्कटॉपला वाय-फाय नाही, घरात ब्रॉडबँड नाही. ताईचा फोन चार्जिंगच्या केबलने जोडला, सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं आणि मिंटने फोन लगेच ओळखला. वेगळं काही टाकावं लागलं नाही. ज्यांच्याकडे फक्त मोबाईलचं नेट आहे त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. वाय-फायची वेगळी कांडी विकत घेण्याची गरज नसते.

इन्स्टॉल झाल्यावर पहिलं काम मी करायला लावलं ते टाइमशिफ्टचं. मिंटमध्ये हा प्रोग्रॅम आधीपासून असतो आणि सिस्टीमची आहे तशी प्रत जपून ठेवतो. पुढे काही मोडलं तर त्या दिवसाच्या स्थितीला परत जाता येतं. सईला सांगितलं, “आता बिनधास्त काहीही दाबून बघ. बिघडलं तर परत आणता येतं.” शिकणाऱ्याच्या मनात घरातली वस्तू बिघडवण्याची भीती असेल तर तो प्रयोगच करत नाही, आणि घरातल्या मुलींना ही भीती जरा जास्तच घातलेली असते. म्हणूनच ॲडमिनचा पासवर्डही मी तिलाच दिला.

मग टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलं. काळी खिडकी पाहून ती जरा बिचकली. पायथन असं टाइप केलं तर अशी आज्ञा सापडत नाही, तुम्हाला ‘पायथन ३’ म्हणायचं आहे का, असा संदेश आला. तीनचा आकडा जोडल्यावर ३.१२ ही आवृत्ती आणि पुढे तीन बाण. तिने तिथे दोन अधिक दोन केलं, मग नववीच्या पुस्तकातला एक मोठा गुणाकार केला, मग दोनाचा शंभरावा घात. एकतीस आकडी उत्तर क्षणात आलं तेव्हा ती खुर्चीत सरळ बसली.

दुसरी आज्ञा थॉनी हा कोड लिहायचा प्रोग्रॅम इन्स्टॉल करायची. आज्ञेआधी सुडो, म्हणजे ‘ॲडमिनच्या हक्काने कर’, लावल्यावर पासवर्ड मागितला. ती टाइप करत होती आणि पडद्यावर काहीच उमटत नव्हतं, ठिपकेसुद्धा नाहीत. “मावशी, कीबोर्ड बंद पडला बघ.” बंद पडलेला नव्हता; टर्मिनलमध्ये पासवर्ड मुद्दाम दाखवत नाहीत, म्हणजे शेजारच्याला त्याची लांबीही कळत नाही. टाइप करून एंटर दाबायचं. ही एवढीशी बाब कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत, आणि एकटं बसलेलं पोर इथे हमखास थांबतं.

थॉनीच का, हे सांगायला हवं. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तयार झालेला हा प्रोग्रॅम आहे. वर कोड लिहायची जागा, खाली आज्ञा देऊन उत्तर बघायची जागा म्हणजे शेल, आणि हवं तेव्हा उघडता येणारा एक रकाना, ज्यात कुठल्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या माहितीत, या क्षणी काय आहे ते दिसतं. प्रोग्रॅम एकेक पायरी चालवून बघता येतो; एखाद्या ओळीतला कुठला भाग आधी मोजला जातो, हेही डोळ्यांनी दिसतं. ऑफिसात मी कोड लिहायला व्हीएस कोड वापरते आणि ते उत्तम आहे. पण दोन अक्षरं टाइप केली की ते पुढची ओळ सुचवायला लागतं, आणि आता तर एआय अख्खं फंक्शन लिहून देतं. पहिल्या काही महिन्यांत मुलाने स्वतः लिहिलेली, स्वतःला कळलेली ओळ हीच कमाई असते. ती हिरावून घेणारं काही या मशीनवर नको, यावर मी ठाम राहिले. बारावीला आम्ही टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या स्क्रीनवर शिकलो. ते तेव्हाही जुनंच होतं, पण प्रत्येक अक्षर आपलं आपण लिहावं लागायचं, त्याचा मला आजही उपयोग होतो.

पहिला खरा अडथळा मात्र कोडचा नव्हता, फाइलचा होता. सईने काहीतरी लिहिलं, सेव्ह केलं, आणि नंतर ते कुठे गेलं हे तिला सांगता येईना. तिचा दोष नाही. फोनवर फोटो गॅलरीत असतो, गाणं म्युझिकमध्ये असतं. फोल्डर, त्याच्या आतला फोल्डर, फाइलच्या नावामागचं एक्स्टेन्शन, यांच्याशी तिचा कधी संबंधच आला नव्हता. पायथन ही भाषा १९९१ पासून आहे आणि ती बनवणाऱ्या गिडो व्हॅन रोसम यांनी धरून चाललेली गोष्ट अशी की वापरणाऱ्याला फाइल म्हणजे काय ते माहीत आहे. आजच्या मुलांना ते माहीत नसतं, आणि आपण मोठी माणसं ते गृहीत धरतो.

त्यामुळे एक दुपार आम्ही फक्त त्यालाच दिली. तिच्या नावाचा फोल्डर, त्यात ‘हिशोब’ आणि ‘चित्रं’ असे दोन. टर्मिनलमध्ये सीडी करून आत जायचं, एलएस करून काय काय आहे बघायचं, आता आपण कुठे उभे आहोत ते पीडब्ल्यूडीने विचारायचं. मग तोच फोल्डर फाइल मॅनेजरमध्ये उघडून शेजारी ठेवला. टर्मिनलमध्ये फोल्डर तयार केला की तो शेजारच्या खिडकीत अलगद दिसायला लागायचा. हे तिने कितीतरी वेळा करून पाहिलं. मग एक साधी मजकुराची फाइल तयार करून तिचं एक्स्टेन्शन बदललं, तेव्हा “म्हणजे आत अक्षरंच असतात होय?” हा प्रश्न आला. त्या सुट्टीतला माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. प्रोग्रॅम म्हणजे साध्या अक्षरांची फाइल, आणि ती वाचून चालवणारा पायथन हा दुसरा प्रोग्रॅम. हे दोन वेगळे आहेत, एवढं कळलं की पुढच्या कितीतरी एररचा अर्थ लागतो.

पहिला प्रोग्रॅम दुकानाचाच घेतला. डीएपी खताचं ५० किलोचं पोतं १,३५० रुपयांना. प्रोग्रॅमने किती पोती हवीत ते विचारायचं आणि रक्कम सांगायची. तीन ओळींचं काम. सईने ते लिहिलं, टर्मिनलमधून चालवलं, सहा पोती सांगितली, एंटर दाबलं. आणि सगळ्या खिडकीभर सहा, सहा, सहा, सहा. ओळींमागून ओळी, नुसते सहा.

मी लगेच काही बोलले नाही. ती थोडा वेळ बघत राहिली, मग दोन पोती सांगून बघितली, तर सगळीकडे दोन. पाच सांगितली, तर पाच. “मावशी, ते गुणत नाहीये, ते लिहीतच सुटलंय.” बरोबर होतं. इनपुट या आज्ञेने घेतलेलं सगळं पायथनच्या लेखी मजकूर असतो, आणि मजकुराला १,३५० ने गुणलं की तो मजकूर १,३५० वेळा लिहिला जातो. मग युरियाचा दर घालून पाहिला, ४५ किलोच्या पोत्याला २६६ रुपये ५० पैसे. या वेळी मात्र एरर आली, कारण एखादा मजकूर २६६ पूर्णांक पाच दशांश वेळा लिहिता येत नाही. तोच घोटाळा, पण एकदा चुपचाप चुकीचं उत्तर आणि एकदा स्पष्ट तक्रार. सईचं म्हणणं, एरर आलेली बरी. मलाही तेच वाटतं.

आता तोच प्रोग्रॅम थॉनीत उघडून एकेक पायरी चालवला. व्हेरिएबलच्या रकान्यात सहाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं होती. इनपुटभोवती इंट, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा, घातल्यावर ती गेली आणि नुसता ६ उरला. मग रक्कम आली ८,१००. कीबोर्ड मराठीवर असताना तिने सहज देवनागरी ६ टाइप केला तरी उत्तर तेच. पायथनचं इंट देवनागरी आकडे ओळखतं, हे तिला फार भावलं. कोडमध्ये मात्र तोच देवनागरी ६ थेट लिहिला तर चालत नाही, हेही तिने लगेच तपासून घेतलं.

मराठीचा विषय निघाला तेव्हा एक अडचण आली. लिनक्सवर थॉनीत मराठी लिहिलं की वेलांट्या जागा सोडतात. ‘किती’मधली पहिली वेलांटी क च्या नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी होतात. थॉनी ज्या टीके नावाच्या साधनावर उभं आहे, त्याला लिनक्सवर आपल्या लिपीची जुळणी करता येत नाही. फाइलमध्ये मजकूर अगदी बरोबर असतो. तीच फाइल मिंटच्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की सगळं जागच्या जागी. पण मुलीला आपली भाषा मोडकी दिसावी हे मला खटकलं. शेवटी असं ठरवलं की प्रश्न रोमन अक्षरांत विचारायचे आणि पावती मराठीत, वेगळ्या फाइलमध्ये लिहायची. फाइल उघडताना यूटीएफ-८, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत, एवढं सांगायचं. मग ती पावती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली: वर दुकानाचं नाव, खाली खताचं नाव, पोती, दर, एकूण. दाजींनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, “यात उधारीचा रकाना येतो का?” बेदाण्याचे पैसे हातात आल्याशिवाय उधारी फिटत नाही, त्यांच्या दृष्टीने तो रकाना सगळ्यात आधी हवा होता. सईने वहीत लिहून घेतलं.

हिशोबाचा कंटाळा आला की टर्टल, म्हणजे पायथनमधलं चित्रं काढायचं साधन. पडद्यावर एक बाण, त्याला इतकं पुढे जा, इतके अंश वळ, असं सांगायचं. तो मागे रेघ सोडत जातो. चांदणी काढायला पाच वेळा पुढे जाऊन प्रत्येक वेळी १४४ अंश वळावं लागतं. १४४ का, हे आम्ही आधी जमिनीवर खडूने काढून, त्या रेघांवरून चालून पाहिलं: पाच वळणांत आपण स्वतःभोवती पूर्ण दोनदा फिरतो, म्हणजे ७२० भागिले ५. मग चौकोन दहा-दहा अंशांनी फिरवत छत्तीस वेळा काढला तर अंगणातल्या रांगोळीसारखं फूल तयार झालं, आणि ताईने त्याचा फोटो तिच्या ग्रुपवर टाकला.

इथे एक सापळा आहे, तो सांगून ठेवते. सईने त्या फाइलला टर्टल हेच नाव दिलं होतं. ती चालवायला गेली तर भलतीच एरर, त्यात ‘सर्क्युलर इम्पोर्ट’ असे शब्द. पायथन एखादं मॉड्यूल, म्हणजे आयता कोड असलेली फाइल, शोधताना आधी आपल्याच फोल्डरमध्ये बघतं. तिथे त्याच नावाची आपली फाइल सापडली की तीच उचलतं आणि खरं मॉड्यूल बाजूला राहतं. फाइलचं नाव बदलून ‘चांदणी’ केलं की झालं. एरर वाचताना सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची, मग ओळ क्रमांक, ही सवयही त्याच वेळी लावली.

परत येण्याआधी तिला आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल दाखवले. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन अशा विषयांवर छोटे छोटे पाठ, आणि त्यातले बरेचसे मराठी आवाजात. पाठ बघत बघत थांबवून शेजारच्या खिडकीत तेच करून पाहायचं, अशीच त्यांची रचना आहे. वीज कधीही जाते, त्यामुळे दर दोन-चार ओळींनी कंट्रोल आणि एस दाबायची सवय लावून घेतली; जुन्या यूपीएसची बॅटरी बदलायची राहिली आहे.

मध्यंतरी सईने फोनवर फोटो पाठवला. कुठली खतं किती खपली याचा आलेख काढायला तिला मॅटप्लॉटलिब हे पायथनचं जादा साधन हवं होतं, आणि पिप या पायथनच्या आज्ञेने टाकायला गेल्यावर लालभडक नकार आला: हे पायथन सिस्टीमच्या ताब्यात आहे, तुम्ही बाहेरून त्यात काही घालू नका. मिंटचे स्वतःचे काही प्रोग्रॅम त्याच पायथनवर चालतात, म्हणून हा पहारा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनची वेगळी जागा, करता आलं असतं, पण तिला एकच गोष्ट हवी होती. तिला सांगितलं की थॉनी जसं टाकलं तसंच मिंटच्या एपीटी या आज्ञेने टाक, नावाच्या आधी पायथन ३ आणि एक आडवी रेघ. अर्ध्या तासाने आलेख आला. युरियाचा खांब सगळ्यात उंच, आणि खाली तिचा पुढचा प्रश्न: “उधारीचा रकाना आल्यावर नावं फाइलमध्ये ठेवायची की दुसरं काही असतं?” पुढच्या सुट्टीत एसक्यूलाइट, म्हणजे छोटासा डेटाबेस.